सूर्य मावळताना पळणं: संध्याकाळच्या हाफ मॅरेथॉनमागचं विज्ञान

साडेपाचला सुरू होऊन अंधारात संपणारी हाफ मॅरेथॉन असली की बहुतेक जण शेवटच्या अंधाऱ्या किलोमीटर्सची काळजी करत बसतात. मला विचाराल तर काळजी पहिल्या पाच किलोमीटरची करा, कारण त्या वेळेला शरीर दिवसातल्या सगळ्यात चांगल्या फॉर्मात असतं, हवा आणि रस्ता दोन्ही तापलेले असतात, आणि ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस हमखास जास्त जोरात पळून बसतो.

आपल्या शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सगळ्यात खाली असतं आणि संध्याकाळी पाच ते सातच्या आसपास सगळ्यात वर, फरक जेमतेम अर्धा ते एक अंश सेल्सिअसचा, पण तेवढ्यानेही स्नायूंमधल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि अंग मोकळं वाटतं. पहाटेच्या रेसमध्ये सुरुवातीचे काही किलोमीटर शरीर जागं करण्यातच जातात, ते इथे वाचतात. शिवाय लिव्हरमधला ग्लायकोजेनचा (म्हणजे साठवलेल्या साखरेचा) साठा, साधारण 100 ग्रॅमचा, रात्रभर उपाशी झोपलं की बराच उतरलेला असतो, संध्याकाळपर्यंत दिवसभराच्या खाण्याने तो परत भरतो (फक्त शेवटचं मोठं जेवण तीन-चार तास आधी उरकलेलं बरं). म्हणून पहिला किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा फास्ट जातो आणि तरी सोपा वाटतो.

आता उष्णतेचा हिशोब बघा. पळताना एका किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण 1 किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे 60 किलोच्या माणसाच्या 21.1 किलोमीटरमध्ये साडेबाराशेच्या आसपास, आणि यातला जास्तीत जास्त पाव हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो, बाकीची साडेनऊशे किलोकॅलरी निव्वळ उष्णता, जी शरीराला कुठेतरी बाहेर टाकावीच लागते. 1 लिटर घाम अंगावरच वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी घेऊन जातो. अंगावरच वाळला तर, हे महत्त्वाचं, कारण टपटप गळून रस्त्यावर पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. आणि साडेपाचला वरून ऊन आणि खालून दिवसभर तापलेलं डांबर असं दोन्हीकडून अंगावर येत असतं. सूर्य गेला की ऊन लगेच थांबतं, डांबर मात्र अंधार पडल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहतं.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. लोक वेदर अ‍ॅपवर बघतात की संध्याकाळी आर्द्रता 45 वरून 64 टक्क्यांवर जाणार आणि घाबरतात. पण हवेतली वाफ तेवढीच राहून तापमान नुसतं 32 अंशांवरून 26 वर आलं तरी हा आकडा एवढा चढतो. घाम किती वाळणार हे त्वचेजवळच्या आणि हवेतल्या वाफेच्या दाबातल्या फरकावर ठरतं, आणि तो फरक इथे जवळपास तसाच राहतो, उलट हवा गार झाल्यामुळे अंगातली उष्णता जास्त सहज निघून जाते. म्हणून टक्केवारी सोडा आणि ड्यू पॉइंट बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान. वरच्या उदाहरणात तो 18-19 अंश आहे, दोन्ही वेळेला.

ड्यू पॉइंटच जास्त असेल तर मात्र अंधारही वाचवत नाही. 2019 मध्ये दोहाच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हापासून वाचायला मध्यरात्री ठेवली होती, तरी तापमान 32 अंशांच्या वर आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या पुढे होती, ड्यू पॉइंट 27 च्या आसपास. 68 जणी सुरू झाल्या आणि 28 जणींना मध्येच थांबावं लागलं, आणि ह्या जगातल्या सर्वोत्तम धावपटू होत्या.

दिवसभराचा थकवा हा वेगळाच प्रकार. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात लोकांना 90 मिनिटं डोकं शिणवणारं काम कॉम्प्युटरवर करायला लावलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. डॉक्युमेंटरी बघून आलेल्या दिवसापेक्षा ते सुमारे 15 टक्के लवकर थांबले. गंमत अशी की हृदय आणि फुप्फुसं नेहमीसारखंच काम करत होती, फक्त पहिल्यापासूनच तेवढेच कष्ट त्यांना जास्त वाटत होते. तेव्हा रेसच्या दिवशी दुपारी डोक्याला ताप देणारं काम घेऊ नका, पायांना विश्रांती देण्याइतकंच ते खरंच मोलाचं आहे.

मग येतो अंधार, आणि माझ्या मते सगळ्यात भारी विज्ञान इथे आहे. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात, रंग आणि बारकावे बघणाऱ्या शंकुपेशी आणि मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी. अंधारात शंकुपेशी दहाएक मिनिटांत सरावतात, दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो, आणि मध्येच समोरून कुणी झगझगीत लाइट मारला की त्यातली बरीचशी तयारी वाया जाते. संधिप्रकाशात दोन्ही पेशी अर्धवट काम करतात, लाल रंग काळपट दिसायला लागतो आणि निळा-हिरवा उजळ, 200 वर्षांपूर्वी यान पुरकिन्ये ह्या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं होतं. आणि जिथे आपण रोखून बघतो त्या पडद्याच्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच, त्यामुळे मिट्ट काळोखात अंधुक वस्तूकडे थेट बघितलं की ती गायब होते आणि जराशी बाजूला नजर ठेवली की दिसते. विषुववृत्ताजवळच्या देशांत सूर्य मावळल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांतच नीट दिसेनासं होतं, उत्तरेला किंवा दक्षिणेला जावं तसा हा वेळ वाढत जातो. वय वाढतं तसे डोळेही अंधाराला उशिरा सरावतात. दिवसा कडक उन्हात गॉगल लावून फिरलात तर रात्री नक्की फायदा होतो.

1960 च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अशीच उकाडा टाळायला संध्याकाळी साडेपाचला सुरू झाली आणि शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या कडेला सैनिक मशाली घेऊन उभे होते. त्या उजेडात इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळत पहिला आला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. मशाल किंवा आजचा दिवा बाजूने किंवा खालून उजेड टाकतो तेव्हा खड्ड्यांच्या आणि उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि त्या सावल्यांवरूनच आपल्याला खोली कळते. हेडलॅम्प डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे सावली वस्तूच्या मागे लपते आणि रस्ता सपाट वाटायला लागतो, म्हणून दिवा कमरेला बांधलेला किंवा हातात धरलेला बरा.

तुम्ही इतरांना दिसणं हेही तेवढंच जरुरी, खासकरून रस्ता वाहनांसाठी पूर्ण बंद नसेल तर. भडक फ्लोरोसंट टी-शर्ट दिवसा उठून दिसतो कारण तो उन्हातले अतिनील किरण दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो, ते किरणच नसले की त्याची ती जादू संपली. रात्री कामाला येतात रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या, ज्या गाडीचा उजेड परत गाडीकडेच पाठवतात. त्या छातीवर लावण्यापेक्षा घोट्यांवर, गुडघ्यांवर आणि मनगटांवर लावा. गुन्नार योहान्सन ह्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं की काळोखात नुसते सांध्यांवरचे ठिपके हलताना दिसले तरी बघणाऱ्याला क्षणात कळतं की हा चालणारा माणूस आहे. छातीवरची पट्टी ड्रायव्हरला काहीतरी चमकतंय एवढंच सांगते.

रेस संपल्यावरचा प्रश्न झोपेचा. व्यायाम आणि झोप यांच्यात तासाभरापेक्षा कमी अंतर असेल आणि व्यायाम जोरदार असेल तर झोप लागायला वेळ लागतो, कारण आतलं तापमान वर असतं आणि झोप येण्यासाठी ते खाली यावं लागतं. कॅफिनवालं जेल पंधराव्या किलोमीटरला घेतलंत तर त्यातलं निम्मं साधारण पाच तासांनीही रक्तात असतं, म्हणजे मध्यरात्र उलटून जाते, त्यामुळे कॅफिन घ्यायचंच असेल तर स्टार्टच्या आधी घ्या. घरी जाऊन थोडं खा, पाणी प्या आणि कोमट पाण्याने अंघोळ करा. कोमट पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, आतली उष्णता त्यांच्यातून बाहेर पडते आणि तापमान लवकर उतरतं.