सातपुड्याच्या उतारावरील वॉटर पार्क: गारवा कोठून येतो?

मे महिन्यात भुसावळ आणि जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की सातपुड्याच्या पायथ्याशी, उतारावर बांधलेल्या वॉटर पार्ककडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. तेथे पोहोचलेल्या बहुतेकांची समजूत अशी असते की डोंगर उंच असल्यामुळे हवा गार आहे आणि पाणी डोंगरातून आल्यामुळे तेही गार आहे. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत, कारण गारव्याचे खरे कारण उंचीत नाही आणि झऱ्यातही नाही. ते खान्देशातील ज्या कोरड्या हवेला आपण उन्हाळाभर दोष देत असतो, तिच्यातच आहे.

प्रथम उंचीचा हिशेब करू. वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंचीवर असलेले तोरणमाळ शहाद्याच्या सपाटीपेक्षा सहा-सात अंशांनी थंड असते, ते या नियमानुसारच. परंतु पायथ्याजवळचा पार्क आसपासच्या शेतांपेक्षा फार तर शंभर मीटर उंच असतो आणि तेवढ्या चढाने एक अंशाचाही फरक पडत नाही. शिवाय खान्देशातून दिसणारा सातपुडा दक्षिणाभिमुख आहे. सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना, म्हणजे हिवाळ्यात, त्याचा तोटा जाणवावा, पण मेमध्ये उताराच्या दिशेला फारसा अर्थ उरत नाही, कारण मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. काळा बेसॉल्ट तर असे ऊन शोषून घेण्यासाठीच घडवल्यासारखा आहे.

डोंगरातल्या पाण्याबद्दलही तसेच म्हणता येते. जमिनीखाली काही मीटरांवर असलेल्या पाण्याचे तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास राहते, त्यामुळे खान्देशातील विंधन विहिरीचे पाणी बाराही महिने सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. तेच पाणी आपल्याला डिसेंबरात कोमट आणि मेमध्ये गार वाटते. खोल भेगांतून वर येणारे पाणी तर गरमही असू शकते. चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या कुशीतले उनपदेव त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

मग दिवसभर उन्हात उघडा पडलेला तलाव सायंकाळपर्यंत कढत का होत नाही? मेमध्ये आपल्या भागात एका चौरस मीटरवर दिवसाकाठी साधारण सहा ते सात युनिट एवढी सौरऊर्जा पडते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचेच युनिट. पाण्याला निसटण्याची वाट नसती तर मीटरभर खोल तलाव या उष्णतेने रोज पाच-सहा अंशांनी तापत गेला असता. ती वाट बाष्पीभवनाची आहे. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते, आणि ती उष्णता उरलेल्या पाण्यातूनच काढून घेतली जाते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी तलावाची पातळी १० मिलिमीटरने उतरते असे धरले, तर प्रत्येक चौरस मीटरवरून १० लिटर पाणी आणि त्याबरोबर जवळजवळ पावणेसात युनिट उष्णता निघून जाते. उन्हाने दिलेली जवळपास सगळी उष्णता अशा रीतीने हवेला परत केली जाते, आणि म्हणून भोवतालची हवा ४४ अंशांवर असतानाही पाणी तिच्या बरेच खाली राहते.

बाष्पीभवन किती होणार हे हवेच्या कोरडेपणावर ठरते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की पारा उतरत जातो आणि एका ठिकाणी थांबतो. हे ओल्या फुग्याचे तापमान होय. हवा ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ते सुमारे २३ अंश भरते. मुंबईत हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असताना मात्र तेच तापमान अठ्ठावीसच्या वर जाते. म्हणजे थर्मामीटरवर दहा अंशांनी अधिक तापलेल्या जळगावात ओल्या अंगाला मुंबईपेक्षा पाच अंशांनी अधिक गारवा मिळण्याची सोय आहे. खान्देशात घरोघरी वाळ्याचे कूलर चालतात आणि मुंबईत त्यांचा उपयोग होत नाही, याचे कारणही हेच. तलावातून बाहेर आलेले मूल भर दुपारी दात वाजवत उभे राहते, तेव्हा त्याला पाण्याने नव्हे, तर अंगावरून उडून जाणाऱ्या पाण्याने थंडी वाजत असते.

हे एकदा लक्षात आले की ‘रेन डान्स’च्या जागी, म्हणजे जेथे वरून फवाऱ्यांचे पाणी पडत असते तेथे, सर्वांत अधिक गार का वाटते ते वेगळे सांगावे लागत नाही. एक लिटर पाणी एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबांत फोडले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो, आणि तेवढ्या पृष्ठभागावरून एकाच वेळी बाष्पीभवन चालते. अर्थात सर्वांत अधिक पाणी हवेत जाते तेही तेथेच.

आता उताराकडे वळू. सपाटीवरच्या पार्कमध्ये घसरगुंडीसाठी लोखंडी मनोरा उभारावा लागतो. डोंगरावर तो खर्च वाचतो, पन्हळ जमिनीच्या अंगाने उतरवता येते आणि मध्येच कोणी अडकले तर मदतनीस चालत तेथवर पोहोचू शकतो. उताराचा फायदा एवढाच. पाणी वर चढवण्याचे कष्ट डोंगर तिळमात्रही कमी करीत नाही, कारण ते केवळ उंचीवर अवलंबून असतात. यावल तालुक्यात मनुदेवीजवळ पावसाळ्यात कोसळणाऱ्या धबधब्याचे पाणी वर नेण्याचे काम ऊन आणि मोसमी वारे करतात, तर पार्कमध्ये ते काम पंपाला करावे लागते. वीस मीटर उंचीच्या घसरगुंडीवर सेकंदाला ५० लिटर पाणी सोडायचे, तर नुसते पाणी उचलण्यासाठी सुमारे १० किलोवॉट शक्ती लागते. पंप आणि मोटर यांच्यातील घट धरली तर ती १४-१५ किलोवॉटपर्यंत जाते, आणि आठ तासांत एकशे पंधराच्या आसपास युनिट खर्च होतात. रात्री पाणी वर चढवून टाकीत साठवावे म्हटले, तर आठ तासांसाठी १४ लाख लिटरांहून मोठी टाकी हवी. म्हणून पंप अखंड चालू ठेवतात आणि तेच पाणी पुनःपुन्हा फिरवतात. पाहणाऱ्याला धबधबा दिसत असला, तरी कोणत्याही क्षणी पन्हळीत असलेले पाणी हजार-दोन हजार लिटरांपलीकडे क्वचितच जाते.

माणसाला वर नेणारा पंप म्हणजे त्याचे स्वतःचे पाय. ६० किलो वजनाची व्यक्ती वीस मीटर चढते तेव्हा तिने केलेले काम तीन किलोकॅलरीही भरत नाही, पण स्नायूंची कार्यक्षमता पाव हिश्श्याहून कमी असल्याने शरीराचा प्रत्यक्ष खर्च बारा-तेरा किलोकॅलरी होतो. एका केळ्यातून साधारण शंभर किलोकॅलरी मिळतात. तेव्हा रावेरच्या एका केळ्यावर सात-आठ फेऱ्या निघायला हरकत नाही. तरीही पार्कमधून परतणारी मुले एवढी भुकेलेली का असतात? पाण्याची उष्णतावहनक्षमता हवेच्या वीस-पंचवीस पट असते, आणि तासन् तास पाण्यात राहिलेल्या शरीराला आपले ३७ अंश टिकवण्यासाठी जो वेगळा खर्च करावा लागतो, तो या चढउताराच्या हिशेबात धरलेला नसतो.

घर्षण मुळीच नसते, तर वीस मीटर उतरून आलेल्या माणसाचा वेग खाली ताशी ७१ किलोमीटर झाला असता, मग त्याचे वजन काहीही असो. प्रत्यक्षात वळणावळणाच्या घसरगुंडीवर वेग याच्या निम्माही राहत नाही. वेग निम्मा म्हणजे गतिज ऊर्जा एक चतुर्थांश, म्हणजेच उंचीतून मिळालेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशांहून मोठा भाग पाणी ढवळण्यात आणि घासण्यात संपतो. फायबरग्लासच्या पन्हळीवर वाहणारा पाण्याचा पातळ थर अंग आणि पन्हळ यांना एकमेकांपासून अलग ठेवतो. तो नसेल तर घसरणे जागीच थांबेल, आणि उन्हात तापलेल्या कोरड्या फायबरग्लासने चटका बसेल तो वेगळाच. हा थर किती जाड राहील, अंगावरचे कपडे सुती आहेत की नायलॉनचे, आणि माणूस पाठ टेकवून झोपला आहे की बसला आहे, या सर्वांवर वेग ठरतो. पाण्याचा आणि हवेचा रोध शरीराच्या आकाराप्रमाणे वाढतो, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही; त्यामुळे मुलांपेक्षा त्यांचे भारदस्त काका बहुधा अधिक वेगाने खाली येतात.

वळणावर अंग पन्हळीच्या बाजूवर चढते. सहा मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला आठ मीटर वेगाने, म्हणजे ताशी २९ किलोमीटरने शिरलेला माणूस सुमारे ४७ अंशांच्या कोनात कलतो आणि तेवढा वेळ त्याला आपले वजन जवळपास दीडपट झाल्यासारखे वाटते. ज्याचा वेग अधिक तो अधिक वर चढतो. म्हणूनच वळणाची कड रचताना सरासरी माणसाचा विचार करून भागत नाही. सर्वांत वेगवान माणूस बाहेर फेकला जाणार नाही आणि सर्वांत हळू माणूस मध्येच अडकणार नाही, असे दोन्ही सांभाळावे लागते.

याची जाणीव न ठेवल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात व्हर्नन येथे, हिवाळ्यात स्कीइंगसाठी वापरल्या जाणाऱ्या डोंगरउतारावर १९७८ मध्ये ‘ॲक्शन पार्क’ सुरू झाले. तेथे ‘कॅननबॉल लूप’ नावाची बंद नळीची घसरगुंडी होती, जिच्या शेवटी नळी एक पूर्ण उभे वेटोळे घेत असे. ती १९८५ मध्ये अगदी थोडे दिवस लोकांसाठी खुली राहिली आणि मग बंद झाली. अडचण समजण्यास सोपी आहे. दोन मीटर त्रिज्येचे उभे वर्तुळ पार करायचे, तर वर्तुळाच्या माथ्यावर अंग नळीला टेकून राहण्यासाठी तळाशी ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेग हवा. त्याहून हळू आलेला माणूस माथ्यापर्यंत पोहोचतच नाही किंवा तेथून खाली आपटतो. पुरेशा वेगाने आलेल्याला तळाशी आपल्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. रुळांवरून धावणाऱ्या रोलर कोस्टरचा वेग बराचसा निश्चित असतो, पण ओल्या पन्हळीवरच्या माणसाचा नसतो. नंतरच्या काळातील वेटोळ्यांच्या घसरगुंड्यांमध्ये वेटोळे उभे न ठेवता तिरपे केले गेले, ते याच कारणाने.

खाली पोहोचल्यावर थांबवण्याचे काम पाणीच करते. शेवटची पट्टी सपाट असते आणि तिच्यात वीतभर पाणी उभे असते. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे पहिल्या काही मीटरांतच वेगाचा मोठा भाग जिरतो आणि पुढे गती सावकाश कमी होते.

पाणी तेच ते फिरत असल्याने ते स्वच्छ ठेवणे हा या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक भाग आहे, असे माझे मत आहे. क्लोरीन पाण्यात हायपोक्लोरस आम्ल बनवतो आणि जंतू मारण्याचे काम मुख्यतः ते आम्ल करते. त्यासाठी पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखावा लागतो. उघड्या तलावात उन्हातील अतिनील किरण हा मोकळा क्लोरीन फोडून टाकतात, आणि काही संरक्षक द्रव्य मिसळलेले नसेल तर कडक उन्हात तासाभरात त्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येऊ शकते. म्हणून त्यात सायन्युरिक आम्ल घालतात. तलावाशी येणारा उग्र वास मात्र क्लोरीन पुष्कळ असल्याचा पुरावा नव्हे. घाम आणि लघवीतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनांचा तो वास असतो, आणि डोळे चुरचुरतात तेही बहुतांशी त्यांच्यामुळेच. उतरण्यापूर्वी शॉवर घ्यावा, ही सूचना त्यासाठी लिहिलेली असते. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी तर नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीनमध्येही कित्येक दिवस तग धरतो. पोट बिघडलेल्या मुलाला पाण्यात उतरू न देणे हाच त्यावर खात्रीचा उपाय आहे.

पाण्यात असतानाही घाम येतो, पण तो दिसत नाही आणि अंग गार असल्यामुळे तहानही जाणवत नाही. जिन्याची चढण, कोरडी हवा आणि दुपारचे ऊन यांमुळे शरीरातील पाणी मात्र कमी होत राहते. ताक किंवा कैरीचे पन्हे यांतून पाण्याबरोबर मीठही मिळते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ते मधूनमधून घ्यावे. पाठीवर आणि खांद्यांवर गारवा जाणवत असला, तरी अतिनील किरण त्याने कमी होत नाहीत.

टँकरच्या दिवसांत असा पाण्याचा खेळ चालावा का, हा प्रश्न दर उन्हाळ्यात विचारला जातो. हजार चौरस मीटरच्या तलावातून दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडाले, तर ते १० हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर होते, आणि नव्वद दिवसांत नऊ लाख लिटर. केळीच्या एका हेक्टरला वर्षाकाठी १८०० ते २००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन कोटी लिटर पाणी लागते. तेव्हा पार्कचे बाष्पीभवन एका हेक्टर केळीच्या वीस हिश्श्यांपैकी एक हिस्सा भरते. आकडा लहान आहे. पण हे पाणी नेमके मेमध्ये लागते, जेव्हा शेजारच्या गावच्या विहिरीचा तळ दिसत असतो, आणि म्हणून गावकऱ्यांची तक्रार गैरवाजवी म्हणता येत नाही. उडून जाणाऱ्या पाण्याबाबत फारसे काही करता येत नाही, कारण गारवा त्याच्यातूनच मिळतो. जे वाचवता येते ते आहे वाळूचे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना बाहेर पडणारे पाणी. ते थेट नाल्यात न सोडता उघड्या, उथळ टाकीत ठेवले की गाळ तळाशी बसतो, उन्हाने क्लोरीन हळूहळू कमी होतो, आणि चाचणीत क्लोरीन व क्षार मर्यादेत आढळले की ते पार्कमधील झाडांना देता येते.