वायरलेस बटण वेगळं, वायफाय स्विच वेगळा

"खोलीतल्या ट्यूबचं बटण दाराजवळ आहे. पलंगापाशीही एक हवंय, पण भिंत फोडायची नाही. कुठला वायफाय स्विच घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो, आणि त्याचं शेवटचं वाक्यच चुकलेलं असतं. भिंत न फोडता दुसऱ्या जागी बटण हवं असेल, तर वायफाय स्विच घ्यायचाच नाही. वायरलेस बटण घ्यायचं. ऑनलाइन शोधलं की दोन्ही एकाच यादीत समोर येतात, जाहिरातीत दोन्हींना 'नवीन वायरिंग नको' असंच म्हटलेलं असतं, आणि सत्तरीतल्या आईसाठी मागवलेली वस्तू शेवटी दाराजवळच्या बोर्डात जाऊन बसते. आईला रात्री बाथरूमला उठताना अंधारात दारापर्यंत चाचपडत जावं लागतं ते लागतंच. म्हातारी माणसं पडतात ती अशाच वेळी. म्हणून हा घोळ मला किरकोळ वाटत नाही.

वायफाय स्विच तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. काडेपेटीएवढं मॉड्यूल जुन्या बोर्डाच्या मागे बसतं, घरातल्या राउटरला जोडलं जातं, आणि फोनवरून किंवा अलेक्साला सांगून दिवा लागतो. बहुतेक मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, तेवढं बघून घ्या. इंटरनेट गेलं तरी भिंतीवरचं बटण चालू राहतं. बाहेरगावी असताना अंगणातला दिवा लावायचा असेल, वेळ लावून ठेवायची असेल, तर उत्तम. पण तो दिव्याला फोनशी जोडतो. भिंतीवरचं बटण आहे तिथून एक इंचही हलत नाही.

वायरलेस बटणाचे दोन भाग असतात: बटण आणि रिसीव्हर. बटणात २३० व्होल्ट नसतातच. ते रेडिओलहरींवर, आपल्याकडे बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर, एक छोटा संदेश पाठवतं. रिसीव्हर तो संदेश ओळखतो आणि आतल्या रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचने, दिव्याची वीज जोडतो किंवा तोडतो. म्हणून बटण कुठेही लावता येतं: पलंगाच्या कडेला, कपाटाच्या बाजूवर, फरशीवर. ओल्या हाताने दाबलं तरी शॉक बसण्याचा प्रश्न नाही. राउटर नको, ॲप नको, पासवर्ड नको.

बटणातही दोन जाती आहेत. एकात ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल असतो, दुसऱ्यात सेलच नसतो. दुसऱ्याला कायनेटिक म्हणतात. दाबताना आतलं चुंबक तारेच्या वेटोळ्यापाशी झटक्यात सरकतं, क्षणभर वीज तयार होते, आणि तेवढ्या विजेवर संदेश निघून जातो. सायकलच्या डायनामोचंच तत्त्व. सीमेन्समधून २००१ साली वेगळी झालेली एनओशन ही जर्मन कंपनी या तंत्रातली जुनी. मी कायनेटिकच सुचवतो, कारण सेल संपतो तेव्हा तो बदलणारा माणूस नेमका दुसऱ्या गावात असतो. याचं बटण थोडं जोरात दाबावं लागतं आणि 'टक्' असा आवाज होतो. शेजारी तान्हं बाळ झोपत असेल तर सेलवालं घ्या. बोटांत जोर कमी असेल तर आधी दाबून बघून घ्या.

आता खरी गल्लत. ती बटणाची नाही, रिसीव्हरची आहे. तो बसवायचा कुठे?

सोबतच्या कागदावर बहुधा रिसीव्हर दिव्याच्या शेजारी दाखवलेला असतो. वायरमनलाही तेच सोयीचं पडतं. पीओपीच्या वर किंवा ट्यूबच्या पट्टीमागे फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) दोन्ही आयते मिळतात, दोन तारा आत, दोन बाहेर, काम संपलं. पण तिथे येणारा फेज दाराजवळच्या जुन्या बटणातून येतो, हे कोणी लक्षात घेत नाही. जुनं बटण बंद असेल तर रिसीव्हरपर्यंत वीजच पोचत नाही, आणि वीज नसलेला रिसीव्हर काही ऐकत नाही.

मग घरात काय होतं बघा. बाबा झोपायला येताना सवयीने दाराजवळचं बटण बंद करतात. रात्री आई पलंगाजवळचं बटण दाबते, दिवा लागत नाही. पुन्हा दाबते, तरी नाही. दुसऱ्या रात्री उलटं: आई पलंगावरून दिवा बंद करते. सकाळी बाबा दाराजवळचं बटण दाबतात, तर ते आधीच चालू असल्यामुळे आता बंद होतं. पुन्हा दाबलं की रिसीव्हरला वीज मिळते, पण बरेच रिसीव्हर वीज आल्यावर बंद अवस्थेतच जागे होतात. म्हणजे दारातून दिवा लागतच नाही. 'माल खराब निघाला' म्हणून खोकं परत जातं. माल चांगला असतो. दोन बटणं एकामागे एक, एकाच रांगेत बसलेली असतात, आणि दिवा लागायला दोन्ही चालू असावी लागतात. जिन्यातल्या टू-वे बटणांसारखं कुठूनही लावा, कुठूनही बंद करा, हे अशा जोडणीतून कधीच होणार नाही.

याला दोन इलाज आहेत. पहिला, रिसीव्हर दिव्यापाशीच ठेवायचा, पण जुनं बटण कायमचं बाद करायचं. बोर्डात त्याच्या दोन तारा नीट कनेक्टरने एकत्र जोडायच्या आणि बटणाच्या जागी कोरी पट्टी लावायची. दाराजवळ दुसरं वायरलेस बटण चिकटवायचं. एकच रिसीव्हर अनेक बटणं ओळखू शकतो: रिसीव्हरवरची छोटी कळ दाबून ठेवली की दिवा लुकलुकतो, तेव्हा नवं बटण दाबायचं, जोडणी झाली. जुन्या बटणावर टेप लावून 'हात लावू नये' असं लिहून ठेवायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. पाहुणे येतात, लहान मुलं येतात, टेप निघते.

दुसरा इलाज माझ्या आवडीचा. रिसीव्हर जुन्या बोर्डातच बसवायचा. फेज आणि न्यूट्रल त्याला थेट द्यायचे, बटणातून नाही. त्याच्या आउटपुटला दिव्याकडे जाणारी तार जोडायची, म्हणजे वायरमन जिला हाफ म्हणतात ती. आणि मोकळ्या झालेल्या जुन्या बटणापासून दोन नव्या छोट्या तारा रिसीव्हरच्या एस-१ आणि एस-२ या खुंट्यांना जोडायच्या. आता जुनं बटण दिव्याची वीज तोडत नाही, ते रिसीव्हरला फक्त सांगतं. दारातून लावा, पलंगावरून बंद करा, दोन्हीकडून सगळं चालतं. बटण वर की खाली याला मग अर्थ उरत नाही, हे घरातल्यांना पहिल्याच दिवशी दाखवून द्या. विकत घेताना एस-१, एस-२ असलेलाच रिसीव्हर मागा. स्वस्तातल्या अनेकांना या खुंट्या नसतात. आणि जोडण्याआधी त्याचं चित्र वाचा. काही मॉडेलांत या खुंट्यांवर बाहेरून फेज अजिबात द्यायचा नसतो. दिला की रिसीव्हर जळतो.

बोर्डात बसवायचं तर न्यूट्रल हवा. अमेरिकन व्हिडिओत 'बोर्डात न्यूट्रलच नसतो' असं ऐकून लोक इथे आधीच घाबरलेले असतात. आपल्याकडे हॉल आणि बेडरूमच्या बोर्डावर बहुधा एक प्लग असतो, आणि प्लगला न्यूट्रल आलेलाच असतो. अडचण येते ती बाथरूमबाहेरच्या, जिन्यातल्या, गॅलरीतल्या छोट्या बोर्डांत, जिथे नुसती बटणंच असतात. तिथे काळी तार दिसली म्हणून तो न्यूट्रल असेलच असं नाही. कित्येक घरांत हाफलाही काळीच तार वापरलेली असते. असा बोर्ड असेल तर पहिला इलाज धरा.

न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगची हिरवी तार वापरणं हा मला सर्वांत चीड आणणारा प्रकार आहे, आणि तो करणारे वायरमन मी पाहिलेत. रिसीव्हर चालतो, म्हणून सगळे खूश. एका रिसीव्हरचा स्वतःचा प्रवाह काही मिलिअँपिअरच असतो, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लगेच पडतही नाही. पण उद्या अर्थिंगची तार कुठे सुटली, तर रिसीव्हरमधून आलेली वीज त्याच हिरव्या तारेने फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येते. तुमच्या समोर कोणी असं जोडत असेल तर काम तिथेच थांबवा. साध्या टेस्टरवर विसंबूही नका, कारण तो न्यूट्रललाही पेटत नाही आणि अर्थिंगलाही नाही. दोन्हींतला फरक तारेचा माग काढूनच कळतो.

न्यूट्रल न लागणारे वायफाय स्विचही मिळतात. ते स्वतःपुरती थोडी वीज दिव्यातूनच ओढतात, म्हणून ९ वॉटचा एलईडी बंद असतानाही मंद उजळतो किंवा लुकलुकतो. त्यासाठी सोबत येणारा कपॅसिटर दिव्यापाशी लावावा लागतो. म्हणजे शेवटी शिडी घेऊन छतापर्यंत जायचंच.

घरात इन्व्हर्टर असेल तर वायरमनला आधीच सांगा. एकाच बोर्डात दोन फेज असतात, दिव्या-पंख्याचा इन्व्हर्टरवरचा आणि प्लगचा थेट मीटरवरचा. रिसीव्हरला फेज द्यायचा तो जुन्या बटणावर येणारा, प्लगवरचा नाही. प्लगवरचा दिला तर लाईट गेल्यावर नेमका हाच दिवा अंधारात जातो.

बाकीचं पटकन. कामाआधी एमसीबी पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. भिंतीत गाडलेल्या जुन्या कन्सील बोर्डाचा खोका लोखंडी पत्र्याचा असतो आणि तो लहरी अडवतो. रिसीव्हरची बारीक अँटेना-तार पुढच्या प्लास्टिक पट्टीच्या बाजूला ठेवा. एका खोलीत अंतराची अडचण येत नाही, आरसीसी स्लॅब ओलांडून खालच्या मजल्यावर मात्र भरवसा ठेवू नका. पंखा चालू-बंद होईल, वेग बदलणार नाही. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, तो ५ अँपिअरच्या रिसीव्हरवर टाकू नका. १० लिहिलेलं असलं तरी मी टाकणार नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही, तिथे दोन स्क्रू मारा.

दोन्ही सोयी एकत्र हव्या असतील, तर रेडिओ आणि वायफाय दोन्ही असलेले रिसीव्हर येतात, आणि ते घ्यायला माझी हरकत नाही. फक्त एक खात्री करून घ्या. राउटरचा प्लग काढा आणि पलंगाजवळचं बटण दाबा. दिवा लागला तर ठेवा. काही बटणं रिसीव्हरशी सरळ बोलत नाहीत; त्यांचा संदेश आधी हब नावाच्या मधल्या डबीकडे, तिथून इंटरनेटवर, आणि मग परत दिव्याकडे येतो. रात्री तीन वाजता नेट बंद असलं म्हणून ज्याचा दिवा लागत नाही, तसलं बटण म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी लावू नका.