जुन्या एमजीला इलेक्ट्रिक फॅन बसवण्याआधी एवढं वाचून या

आमच्या गॅरेजमध्ये जुनी एमजी नाहीतर ट्रायम्फ, म्हणजे जुन्या ब्रिटिश गाड्या, घेऊन येणारे बरेच जण गाडीतून उतरता उतरताच सांगतात, गाडी तापते हो, इलेक्ट्रिक फॅन टाकून द्या. टाकून देतो, पण त्याआधी आमचा एकच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर तुम्ही घरूनच आठवून आणलंत तर तुमचे पैसे आणि आमचा दिवस दोन्ही वाचतात. गाडी नेमकी कधी तापते?

सिग्नलला, टोलच्या रांगेत, नाहीतर रॅलीत पुढच्या गाडीच्या मागे मुंगीच्या चालीने जाताना तापमानाचा काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की पाच-सात मिनिटात खाली येतो, असं असेल तर रेडिएटरला हवा कमी पडतेय आणि फॅनने नक्की फरक पडेल. पण एक्स्प्रेसवेला ८०-९० ने सरळ चाललीये, समोरून वारा भरपूर, तरी काटा चढतोच आहे, तर तिथे हवेचा प्रश्नच नाही, मग रेडिएटर आतून चोंदलाय, किंवा खालचा होज पाइप आत ओढला जातोय, स्पार्कचं टायमिंग मागे गेलंय, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की उघडणारी झडप, पूर्ण उघडत नाही, कधी हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेलेलं. अशा गाडीला दोन फॅन लावले तरी ती तापणारच. खंडाळ्याचा घाट या दोन्हीच्या मधला, वेग कमी आणि इंजिनावर लोड जास्त, म्हणून घाटात तापणाऱ्या गाडीचा रेडिएटर आम्ही आधी काढून बघतो, टाकी उघडून नळ्या सळीने साफ करून घेतो आणि मग फॅनचं बोलतो. साफ केल्यावर फॅनची गरजच उरली नाही असंही झालेलं आहे आणि तेव्हा आम्ही फॅन विकत नाही.

आता पुढचं सगळं एमजीचं एमजीबी हे मॉडेल धरून सांगतोय, कारण आमच्याकडे तीच जास्त येते, १९६२ ते १९८० मधली, १७९८ सीसीचं चार सिलिंडर इंजिन. मूळ फॅन वॉटर पंपाच्या नाकावर बसलेला असतो आणि बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिन हळू तर फॅनही हळू. गाडी उभी असताना, जेव्हा वाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच तो सगळ्यात मंद फिरतो, आणि ६० च्या पुढे समोरून वारा आपोआप येतो तेव्हा हा जोरात फिरत बसतो, आवाज करतो आणि इंजिनाची ताकदही खातो. इलेक्ट्रिक फॅनचं इंजिनाच्या वेगाशी काही देणंघेणं नाही, गरज असेल तेव्हा पूर्ण वेगाने फिरतो आणि नसेल तेव्हा बंद. ओरिजिनल गाडी बिघडेल ही भीती ज्यांना वाटते त्यांच्यासाठी सांगतो, खुद्द एमजीने १९७३ च्या व्ही-एट मॉडेलला कारखान्यातूनच दोन इलेक्ट्रिक फॅन दिले होते आणि १९७६ नंतर चार सिलिंडरवाल्या गाड्यांनाही इलेक्ट्रिकच आला. शिवाय आम्ही बॉडीला एकही नवीन भोक पाडत नाही, जुना फॅन, त्याचा स्पेसर आणि बोल्ट पिशवीत घालून तुमच्या हातात देतो, उद्या परत मूळ बसवायचं ठरलं तर तासा-दोन तासाचं काम.

त्या बोल्टचं नीट सांगतो. जुन्या फॅनचे चार बोल्टच पुलीलाही पंपाच्या हबवर धरून ठेवतात. फॅन काढला आणि तेच लांब बोल्ट परत आवळले तर पुली घट्ट बसतच नाही, नाहीतर बोल्टचं टोक मागे पंपाला घासतं. म्हणून आम्ही मोजून आखूड बोल्ट आणि खाली स्प्रिंग वॉशर घालतो. काम अगदी छोटं आहे पण घरी स्वतः करणारे इथेच चुकतात.

फॅन कुठे बसतो? क्रोम बंपरच्या एमजीबीत पंप आणि रेडिएटर यांच्यामध्ये जागा फार थोडी, म्हणून तो पुढून, ग्रिलच्या मागे बसवावा लागतो आणि हवा आत ढकलणारा असावा लागतो. बाजारात मिळणारे बरेच फॅन मागून हवा ओढायला बनवलेले असतात, ते पुढे लावून नुसती वायर उलटी केली तर फिरतात उलटे, हवाही आत जाते, पण पात्याचा बाक चुकीच्या बाजूला राहतो आणि हवा बरीच कमी मिळते. पातंही काढून पालटावं लागतं, सगळ्या फॅनचं पातं पालटता येत नाही, आम्ही पालटता येणाराच घेतो.

आणि जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून फॅन बांधायचा नाही, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. मागे एक गाडी आली होती, दुसरीकडे फॅन असाच बांधलेला, मालक म्हणाले रोज थोडं पाणी कमी होतं पण खाली थेंबही दिसत नाही. फॅन सोडवला तर पट्टीच्या गोल बटणाखाली नळीवर हिरवट पांढरा डाग, बोट फिरवलं की खपली निघाली आणि आत टाचणीच्या टोकाएवढं भोक. गाडीच्या थरथरीने ती पट्टी महिनोन्महिने पितळेवर घासत होती, आणि गळणारं पाणी गरम रेडिएटरवर तिथल्या तिथे वाळत होतं. रेडिएटरचा गाभाच बदलावा लागला. आम्ही लोखंडी पट्टीची चौकट करून ती रेडिएटरच्या बाजूच्या बोल्टना धरतो, जाळीवर फॅनचं वजन येतच नाही.

वायरिंगबद्दल. १२ इंची फॅन चालू असताना साधारण ८ ते १० अँप घेतो, सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढा करंट जुन्या इग्निशन स्विचमधून न्यायचा नसतो, म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. स्टार्टरच्या सोलेनॉइडवरच्या तपकिरी वायरीतून, जी कायम चालू असते, २० अँपचा फ्यूज घालून जाड वायर रिलेला, तिथून फॅनला, आणि रिलेला हुकूम द्यायला पांढऱ्या इग्निशन वायरीचं कनेक्शन. मूळ वायर एकही कापत नाही.

१९६७ पर्यंतच्या गाड्यांची बॅटरी पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे तिचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. मधल्या काळात कुणी ती बदललीये का हे आम्ही बॅटरीवर स्वतः बघतो, सांगोवांगी धरत नाही, कारण अर्थ उलटा असला की साधा फॅन मुकाट्याने उलटा फिरतो, आवाज येतो, सगळं ठीक वाटतं आणि हवा मात्र बाहेर फेकली जाते. ग्रिलपुढे कागद धरून बघतो, तो आत ओढला गेला पाहिजे.

त्याच गाड्यांना वीज बनवायला जुना डायनामो असतो, नंतरचा अल्टरनेटर नाही, आणि तो फार तर २२ अँप देतो, तेही इंजिन चांगल्या वेगात असताना, आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. आता हिशोब तुम्हीच करा, रात्रीची वेळ, ट्रॅफिक, हेडलाइट ८ अँप, फॅन ९, इग्निशन आणि मागचे दिवे मिळून ५ च्या आसपास, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. रविवारी सकाळी फिरायला काढणाऱ्याला हे चालून जाईल, पण रोज संध्याकाळी शहरात चालवणार असाल तर आधी अल्टरनेटर करा मग फॅन, आम्ही स्पष्ट तसंच सांगतो.

फॅन कधी चालू व्हावा हे ठरवणारा स्विच आम्ही वरच्या होजमध्ये, रेडिएटरच्या तोंडाशी बसवतो. इंजिनातला थर्मोस्टॅट ८२ डिग्रीचा असेल तर फॅन ९२ ला चालू आणि ८७ ला बंद. बंद व्हायचा आकडा ८२ च्या खाली ठेवला तर फॅन कधी बंदच होणार नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी त्याच्या खाली जाऊच देत नाही. ९२ ऐकून काहीजण घाबरतात, पुण्यात उघड्या भांड्यातलं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं हे खरंय, पण रेडिएटरची १० पौंडी कॅप दाब धरते तेव्हा ते ११५ च्या आसपास जातं आणि कूलंट असेल तर आणखी वर. म्हणून कॅपचं रबर कडक झालं असेल तर ती आम्ही बदलूनच देतो, त्यात तडजोड नाही. डॅशबोर्डखाली एक छोटा स्विच आणि दिवा देतो, सेन्सर कधी रुसला तर फॅन हाताने चालू करता येतो.

गाडी घेऊन गेल्यावर पहिल्या आठवड्यात फोन येतात म्हणून आधीच सांगून ठेवतो. काटा आता ट्रॅफिकमध्ये वर जाईल, फॅनचा आवाज येईल, काटा खाली येईल, परत वर जाईल, हे बरोबर आहे. डायनामोच्या गाडीत फॅन सुरू होताना हेडलाइट क्षणभर मंद होतील, तेही ठीक. पण मोकळ्या रस्त्यावर फॅन सतत चालू राहिला किंवा दिवा लागूनही आवाज आला नाही तर गाडी बाजूला घ्या आणि फोन करा.

गाडी तापलेली असताना लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, बंद केल्यावर खालची धग वर येते, फ्लोटमधलं पेट्रोल गरम होतं आणि मग गरम गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. पण इंजिन बंद करून नुसती किल्ली चालू ठेवून फॅन फिरवत बसू नका, तेवढ्यात कॉइल तापते. आणि बॉनेट उघडून आत हात घालण्याआधी किल्ली काढाच, फॅन कुणाला न विचारता सुरू होतो, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा, मुलांना तर आवर्जून सांगा.

फॅनचं काम एका दिवसाचं, रेडिएटर साफ करायचा असेल तर तीन दिवस धरा. एप्रिल-मेमध्ये रांग लागते, फेब्रुवारीत आलात तर बरं. येताना गाडी धुऊन आणायची गरज नाही, उलट पाणी कुठे गळतं त्याचे डाग तसेच राहू द्या, आम्हाला तेच बघायचे असतात.