पिल्लांची पेंड वाढवण्याआधी लायसिन बघा

मागच्या महिन्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळकडं एका मित्राच्या वराहपालन शेडवर गेलो होतो, पिल्लं आईपासून तोडून चारच दिवस झालेले, मागची बाजू पिवळ्या पातळ हगवणीनं माखलेली आणि सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. वाढ होईना म्हणून सोयापेंड वाढवली म्हणाला. बरेचजण हेच करतात आणि तिथंच चुकतं.

पिल्लाला नुसतं प्रोटीन भरपूर असून भागत नाही, त्यातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक, ठरावीक प्रमाणात लागतात. आपल्या चादरीच्या मागावर लाल सूत संपलं की पांढऱ्याचे कितीही कोन पडून असू देत, नक्षी पुढं सरकत नाही, तसंच. पिल्लासाठी ते लाल सूत म्हणजे लायसिन. किलोभर ज्वारीत ते जेमतेम २ ग्रॅम असतं आणि ७ ते ११ किलोच्या पिल्लाला किलोभर खाद्यातून पचणारं साधारण १३.५ ग्रॅम पाहिजे. सोयापेंडीत किलोला २८-३० ग्रॅम मिळतं म्हणून आपण पेंड ओतत राहतो, पण परवापर्यंत दुधावर असलेल्या पोटाला एवढी पेंड पचत नाही, न पचलेलं मोठ्या आतड्यात सडतं, अमोनिया तयार होतो, ई. कोलायसारखे जंतू वाढतात आणि हगवण लागते. पचलेल्यातलं जादाचं शरीर युरिया करून लघवीतून टाकतं, त्यात पाणीही जातं आणि अंगात उष्णताही वाढते, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना हे किती जड जात असेल बघा.

म्हणून पेंड थोडी कमी करायची आणि क्विंटलमागं ३००-४०० ग्रॅम लायसिन पावडर घालायची. ही पावडर बनवतात बॅक्टेरिया, कोरीनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम नावाचे, १९५० च्या दशकात जपानमध्ये सापडलेले, आणि त्यांना खायला उसाची मळी चालते! साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात मळी कुणाला सांगायला नको, मला तर हे वाचून फार भारी वाटलं होतं.

पण एकटं लायसिन घालून थांबू नका, लाल सूत आलं की पुढं निळं संपतं. थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन ही दुसरी अमिनो आम्लं पण बघावी लागतात, लायसिन १०० धरलं तर थ्रिओनिन ६० च्या आसपास हवं, कारण आतड्याला आतून जो चिकट थर असतो त्यात ते बरंच खर्च होतं.

आणि पावडर मुठीनं ढिगावर टाकू नका, काट्यावर मोजून आधी दोन किलो भरड्यात कालवा, मग ते सगळ्या खाद्यात मिसळा, नाहीतर एका पिल्लाला जास्त जातं आणि शेजारच्याला काहीच नाही.