कपाटातला दिवा आणि कापडाचा खरा रंग

साडीला ब्लाऊजपीस जुळवताना बायका मॅचिंग सेंटरच्या आतल्या दिव्यावर विसंबत नाहीत. दोन्ही कापडे दुकानाच्या दारात आणून उजेडात पाहतात. त्यांची ही सवय शास्त्राला धरून आहे. कापड स्वतःचा रंग निर्माण करत नाही. पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून उरलेला परत पाठवते. त्यामुळे दिव्याच्या प्रकाशात जो रंग नाही, तो कापडावरही दिसत नाही, आणि निरनिराळ्या रंगद्रव्यांत रंगवलेली दोन कापडे एका दिव्याखाली तंतोतंत जुळूनही उन्हात वेगळी दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. भिंतीतल्या कपाटासाठी दिवा घेताना म्हणूनच वॅटच्या आधी प्रकाशाची घडण पाहायला हवी.

पांढऱ्या एलईडीत सहसा सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देणारी चिप असते. तिच्यावरचा फॉस्फरचा थर त्यातल्या काही निळ्याचे पिवळ्यात रूपांतर करतो, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. साध्या एलईडी पट्ट्यांच्या या मिश्रणात गडद लाल कमी पडतो. रंग किती खरे दिसतील हे सांगणारा सीआरआय हा आकडा जास्तीत जास्त १०० असतो. साध्या पट्ट्यांचा तो ८० च्या आसपास असतो, पण कपाटासाठी ९० च्या खालची पट्टी घेऊ नये, असे माझे मत आहे. यात एक मेख आहे. हा आकडा आठ सौम्य रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल, ज्याला आर-९ म्हणतात, त्या आठांत नसतोच. कुंकवाच्या रंगाची पैठणी ज्या कपाटात राहणार आहे, त्यासाठी आर-९ चा आकडा वेगळा विचारून घ्यावा.

प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात. २७०० केल्विनच्या पिवळसर प्रकाशात निळा भाग इतका थोडा असतो, की गडद निळी पँट आणि काळी पँट यांतला फरक सहज कळत नाही. ६५०० केल्विनच्या निळसर प्रकाशात तो कळतो, पण रात्री खोलीतल्या पिवळ्या दिव्यांशेजारी हा प्रकाश डोळ्यांना खुपतो. कपाटासाठी ४००० केल्विन मला सर्वांत योग्य वाटते.

दिवा कुठे बसवायचा, यात मात्र बहुतेक घरांत चूक होते. कपाटाच्या छताला मधोमध लावलेल्या दिव्याचा प्रकाश सर्वांत वरची फळीच अडवते, आणि खोलीतला दिवा आपल्या पाठीमागे असल्याने आपलीच सावली कपड्यांवर पडते. दोन फूट खोल कपाटात दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांवर, दाराच्या अगदी आतल्या कडेला, खालपासून वरपर्यंत पट्ट्या बसवून त्यांचे तोंड तिरके आत वळवले, तर कपड्यांची आपल्याकडची बाजू उजळते, प्रत्येक खणाला प्रकाश मिळतो आणि एका पट्टीने पडलेली सावली दुसरी बरीचशी पुसून टाकते. पट्टीवर दुधी आवरण हवेच, नाहीतर एकेक ठिपका डोळ्यांत जातो.

हॅलोजन दिवा इतका तापतो, की तो कपड्यांजवळ नकोच. एलईडीची उष्णता मुख्यतः चिपच्या मागच्या बाजूने बाहेर पडते आणि ती वाहून नेण्यासाठी पट्टी अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे लांब पन्हळीत, बसवतात; ती थेट प्लायवर चिकटवली तर तिचे आयुष्य घटते.

प्रकाशाने रंग विटतात आणि हे नुकसान साठत जाते. म्हणूनच संग्रहालयांत रेशमी वस्त्रांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) वर प्रकाश पडू देत नाहीत. घरात दार मिटताच दिवा बंद झाला, की ही काळजी फारशी उरत नाही. हालचाल ओळखणारा सेन्सर आपण स्थिर उभे राहिलो की दिवा बंद करू शकतो, त्यामुळे दाराच्या उघडझापेवर चालणारा सेन्सर अधिक बरा. या सगळ्याचा निर्णय सुतार प्लायवर सनमायका चिकटवण्याआधी व्हायला हवा, कारण प्रोफाइलची खाच आणि तारांची वाट तेव्हाच सफाईने करता येते. पट्टीला योग्य वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, कपड्यांच्या खणात न कोंडता हवा खेळेल आणि हात पोहोचेल अशा जागी ठेवायला सुताराला त्याच वेळी सांगावे.