वनस्पती अर्कांची जिवाणुरोधक चाचणी

एखाद्या औषधी वनस्पतीचा अर्क रोगकारक जिवाणूंची वाढ रोखतो का, आणि रोखत असेल तर किती मात्रेत, हे प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हे जिवाणू यासाठी नेहमी वापरले जातात.

पहिला प्रश्न वनस्पतीच्या ओळखीचा. दारुहळद म्हणून बाजारात एकाहून अधिक वनस्पती विकल्या जातात. म्हणून जातीची खात्री करून वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहात जपतात. मग सावलीत वाळवलेल्या पाल्याची किंवा सालीची भुकटी पाणी, इथेनॉल, मिथेनॉल अशा द्रावकांत भिजवतात किंवा सॉक्स्लेट उपकरणात (यात ताजा द्रावक भुकटीतून पुन्हापुन्हा फिरतो) घालून अर्क काढतात. द्रावक बदलला की अर्कात उतरणारी द्रव्येही बदलतात. त्यामुळे ‘कडुनिंबाचा अर्क’ एवढेच म्हणणे अपुरे ठरते.

सर्वांत प्रचलित पद्धत आगर प्लेटची, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठी जेलीसारखे माध्यम ओतलेल्या बशीची. मिलिलिटरमागे सुमारे १५ कोटी जिवाणू असलेले द्रावण म्युलर-हिंटन या प्रमाणित आगरवर कापसाच्या बोळ्याने एकसारखे पसरवतात. त्यावर अर्कात भिजवलेली ६ मिमी व्यासाची कागदी चकती ठेवतात किंवा आगरमध्ये भोक पाडून त्यात अर्क भरतात. रात्रभर ३५-३७ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या प्लेटवर सकाळी जिवाणूंचा दुधट थर पसरलेला असतो. अर्क प्रभावी असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. प्रयोगशाळेच्या बोलीत, ‘झोन आला’. शेजारी नुसत्या द्रावकाची चकती हवीच, नाहीतर श्रेय कोणाचे हे कळत नाही.

झोन मोजायला सोपा, म्हणून कित्येक शोधनिबंध तिथेच थांबतात. हे बरोबर नाही. झोनचा आकार द्रव्य आगरमधून किती सरकते यावरही अवलंबून असतो. पाण्यात जेमतेम विरघळणारे हळदीतले कर्क्युमिन चकतीजवळच अडून राहते. झोन लहान दिसला म्हणून ते निष्प्रभ ठरत नाही. प्रतिजैविकांसाठी ठरवलेले झोनचे तक्तेही अर्कांना लागू पडत नाहीत.

खरी तुलना होते ती किमान रोधक संहतीवरून, म्हणजे वाढ रोखणाऱ्या अर्काच्या सर्वांत कमी मात्रेवरून. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क दरवेळी निम्म्याने विरळ करत नेतात, जिवाणू घालतात आणि वाढीनंतर रेझाझुरिन हे निळे रंगद्रव्य टाकतात. जिवाणू जिवंत असतील तिथे निळा रंग गुलाबी होतो. निळा राहिलेला शेवटचा खळगा हे उत्तर. जिवाणू मेले की नुसते थोपले, हे पाहण्यासाठी त्यातला थेंब पुन्हा ताज्या आगरवर लावतात.

ई. कोलाय ग्रॅम-ऋण गटातला. या गटातल्या जिवाणूंना पेशीभोवती बाहेरचे जादा पटल असल्याने त्याच्यावर बहुतेक अर्क फिके पडतात. अर्कातले द्रव्य वेगळे काढताना प्रभाव घटतो, असेही घडते. दारुहळदीतले बर्बेरिन स्टॅफिलोकॉकस आपल्या पेशीपटलातल्या ‘नॉर-ए’ या प्रथिन-पंपाने बाहेर फेकतो. दारुहळद ज्यात मोडते त्या बर्बेरिस प्रजातीतल्या वनस्पती मात्र हा पंप अडवणारे दुसरे द्रव्यही तयार करतात, असे २००० साली अमेरिकी संशोधकांनी दाखवले. त्या द्रव्याला स्वतःची जिवाणुरोधक शक्ती नाही. एकट्याने तपासले असते तर त्याचा झोन आलाच नसता.