ट्रेडिंग कार्डांवरचे चित्र आणि फ्लेवर टेक्स्ट

काल्पनिक विश्वावर बेतलेल्या ट्रेडिंग कार्डांवर, म्हणजे जमवायच्या आणि अदलाबदल करायच्या खेळाच्या पत्त्यांवर, खेळाच्या नियमांखेरीज आणखी दोन गोष्टी असतात : वरच्या चौकटीतले चित्र आणि अनेकदा तळाशी तिरप्या अक्षरांत छापलेली एक-दोन वाक्ये. या वाक्यांना फ्लेवर टेक्स्ट म्हणतात. डाव जिंकायला या दोन्हींचा उपयोग नाही; पत्ता जपून ठेवावासा वाटतो तो मात्र बहुधा यांच्यामुळेच.

रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा अशा पत्त्यांचा खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये आला. पहिल्या संचातले २९५ पत्ते २५ चित्रकारांनी रंगवले होते आणि प्रत्येकाचे नाव पत्त्याच्या तळाशी छापले होते. ही प्रथा आजही पाळली जाते.

महाराष्ट्राला रंगवलेला पत्ता नवा नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. त्यांवर ओळ लिहावी लागत नाही, कारण मत्स्य किंवा वामन दिसला की पाहणाऱ्याला कथा आठवते. नव्याने रचलेल्या विश्वातल्या राक्षसाची कथा कोणालाच ठाऊक नसते. कीर्तन-पुराणांनी गंजिफांसाठी आधीच करून ठेवलेले काम इथे दोन तिरप्या ओळींना करावे लागते.

हे काम किती नेमके होऊ शकते, ते ‘मॅजिक’च्या १९९५ च्या ‘आइस एज’ संचातल्या ‘लर्गॉयफ’ या राक्षसाच्या पत्त्यावर दिसते. ओळीत कोणी तरी हान्सला ‘पळ, लर्गॉयफ आला’ असे ओरडून सांगते, आणि खाली नोंद आहे : सॅफी एरिक्सडॉटरचे अखेरचे शब्द. एवढेच. पुढे २००६ मध्ये सॅफीचा स्वतःचा पत्ता निघाला. तिचा बळी दिला, तर त्याच फेरीत मरणारा आपला दुसरा जीव परत येतो. ती हान्ससाठी गेली, हे इथे नियमच सांगतो. फ्लेवर टेक्स्टची ताकद कोणाला दाखवायची असेल, तर ही जोडी समोर ठेवावी.

चित्र पाहताना सोलापूरकराला एक आयती सोय आहे. कापडातले धागे मोजायचे घडीचे भिंग छपाईवालेही वापरतात. ते पत्त्यावर ठेवले की चित्र विरघळते आणि निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची फुले दिसू लागतात. अस्सल पत्त्यावरची काळी अक्षरे मात्र सलग, भरीव असतात. स्कॅन करून छापलेल्या नकली पत्त्यांत बहुधा अक्षरेही ठिपक्यांची निघतात. जकार्ड मागावर छिद्रे पाडलेले पुठ्ठे कोणता उभा धागा उचलायचा ते ठरवतात आणि चादरीवर नक्षी उठते. छिद्र-धाग्यांतून चित्र उभे राहताना पाहिलेल्या नजरेला ठिपक्यांचे नवल वाटत नाही. तिला मोह पडतो तो ६३ × ८८ मिलिमीटरच्या पत्त्यातल्या अर्ध्याहून कमी जागेत चित्रकाराने आभाळ कसे बसवले याचा. पोकेमॉनच्या पत्त्यांत तर आसाको इतो यांची चित्रे सुताने विणलेल्या बाहुल्यांची आहेत, आणि युका मोरिई मातीच्या मूर्ती घडवून त्यांची छायाचित्रे घेतात. इतोंचा पत्ता डोळ्यांजवळ धरून टाके शोधावेत. धागा ओळखणाऱ्या माणसाला यासारखा आनंद नाही.

बहुतेक पत्ते इंग्रजीत असल्याने ओळ मराठी, कन्नड किंवा तेलुगूत सांगून पाहणे हा रसग्रहणाचाच भाग होतो, आणि तिथे गाव आडवे येते. ‘मॅजिक’मधल्या ‘स्टॉर्म क्रो’ या पत्त्याच्या एका आवृत्तीवर यमकात म्हटले आहे की वादळी कावळा उतरला की न संपणारा हिवाळा, आणि तो गेला की उन्हाळा सुरू. मूळ ओळीत उन्हाळा म्हणजे सुटका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात ते शब्दशः सांगितले, तर ऐकणाऱ्याला कावळा जाऊ नये असेच वाटेल! शिवाय आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येतो. म्हणून ‘उन्हाळा’ हा शब्द सोडून ओळीतली सुटका तेवढी धरावी : ‘वादळकावळा बसला, गारठा घरात घुसला, वादळकावळा उडाला, उबेचा दिवस उगवला.’